म्यूट केलेला टीव्ही

आमच्या खामगावच्या घरात टीव्हीचं भांडण जुनं. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेही रविवारी सकाळी, ऐन चर्चच्या वेळेला! आजोबांचा नियम एकच: आधी उपासना. मग १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आला. लॉकडाऊन, चर्च बंद. आईने डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीसमोरच गुडघे टेकले. म्हणजे दोष खोक्याचा नाहीच. पौलाने फिलिप्पैकरांना सांगितलं तेच खरं: मन कशात गुंतवता, ते बघा.

लेंटचे चाळीस दिवस मी वेब सीरिज बंद ठेवते. पण बाबा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या आईला ‘टीव्ही सोड’ कसं म्हणू? म्हणून नेमका तिच्या मालिकेच्या वेळेला मी पुण्याहून फोन लावते. ती टीव्ही बंद करत नाही, म्यूट करते. तिचा एवढा उपवास मला पुरतो!