आकाराची तक्रार

हौसेनं शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि मग आकार मनासारखा नाही म्हणून खंतावायचं, हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. मी परिचारिका. आधी कर्करोग विभागात होते, नंतर प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत आले. स्तन काढून टाकल्यावरही ‘जीव वाचला’ म्हणून हात जोडणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. त्यामुळे स्तन मोठे करून घेतलेल्या बाईची ‘डावं जरा वर वाटतं’ ही तक्रार मला चैनीची वाटायची. कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या बाईनं तेच सांगितलं, तर मात्र मी लगेच डॉक्टरांना बोलवायचे. एकीची गरज, दुसरीची हौस, असा माझा हिशोब होता. आता तो मी मानत नाही.

हे मत हळूहळू बदललं, पण सुरुवात एका बाईंच्या बोलण्यानं झाली. त्यांच्या शस्त्रक्रियेला काही वर्षं झाली होती. “सिस्टर, तसं मोठं काही नाही,” त्या म्हणाल्या, “डावीकडे ब्लाऊज नीट बसत नाही, वर चढतो. घरचे म्हणतात, पैसे मोजून घेतलंस, आता कुरकुर कशाला?” डॉक्टरांनी तपासलं, तर डावी बाजू हाताला टणक लागत होती. हे बरेच दिवस चाललं होतं. संकोचापायी त्या आल्याच नव्हत्या.

शरीरात परकी वस्तू बसवली की शरीर तिच्याभोवती तंतुमय वेष्टन तयार करतं. इम्प्लांटभोवतीही ते प्रत्येकीत तयार होतं आणि त्यात गैर काही नसतं. काहींमध्ये मात्र ते आकसतं आणि इम्प्लांटला आवळत जातं. स्तन वर सरकतो, गोल आणि टणक होतो. बेकर यांच्या वर्गवारीत याच्या 4 पायऱ्या आहेत. पहिलीत स्तन मऊ असतो. दुसरीत हाताला किंचित कडकपणा जाणवतो, पण दिसायला सगळं ठीक असतं. तिसरीत बिघडलेला आकार डोळ्यांना दिसतो. दुखणं येतं ते चौथीत. म्हणजे आकाराची तक्रार दुखण्याच्या आधी येते, आणि ‘दुखलं तर या’ असं सांगणं म्हणजे बाईला चौथ्या पायरीची वाट बघायला लावणं. हे वेष्टन आवळताना शरीर शस्त्रक्रियेचं कारण विचारत नाही. मग मी तरी का विचारावं?

शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर एका बाजूला सूज आली, तर तिच्याकडे आणखी गंभीरपणे पाहावं लागतं. इम्प्लांटभोवती द्रव साठलेला असू शकतो आणि क्वचित ती एका दुर्मिळ लिम्फोमाची पहिली खूण असते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी या आजाराचा संबंध दिसून आल्यावर 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले. ही सूजही बाई सांगते ती ‘एक बाजू मोठी वाटते’ अशाच शब्दांत.

पहिल्या काही महिन्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा सूज असते, छातीचा स्नायू आणि त्वचा ताणलेली असते, म्हणून इम्प्लांट वर दिसतात. पुढे ते खाली येऊन स्थिरावतात, पण दोन्ही बाजू एकाच वेगानं नाही. शिवाय बहुतेकींचे दोन्ही स्तन मुळात तंतोतंत सारखे नसतातच. शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो समोर ठेवले की ते पटतं. या काळात घाईनं दुसरी शस्त्रक्रिया नको, धीर हवा. मात्र ताप, लाली किंवा एका बाजूची अचानक वाढलेली सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. हा फरक नीट समजावून सांगायलाही आधी तक्रार ऐकून घ्यावी लागते.

‘हौस’ म्हणून हात झटकणं मला आणखी एका कारणानं अवघड झालं. सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली पहिली बाई, अमेरिकेतल्या ह्यूस्टनची टिमी जीन लिंडसी, 1962 मध्ये रुग्णालयात गेली होती ती छातीवरचं गोंदण काढायला. इम्प्लांटचा प्रस्ताव डॉक्टरांनी तिच्यापुढे ठेवला. बाईच्या अशा निर्णयामागे किती जणांचे शब्द असतात, हे ओपीडीत बसून मीही ऐकते: नवऱ्याचे, सासरचे, मैत्रिणींचे, जाहिरातींचे. आणि निर्णय निव्वळ तिचा असला, तरी उपचाराचा तिचा हक्क कमी होत नाही.

ही शस्त्रक्रिया करावी का, याबद्दल मी आजही सावधच बोलते. इम्प्लांट जन्मभर टिकेलच असं नसतं. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं, तरी कधीकधी कळत नाही. म्हणून 5 ते 6 वर्षांनी आणि नंतर दर 2 ते 3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असं अमेरिकेची अन्न व औषध प्रशासन संस्था सांगते. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आपल्याकडचा आरोग्य विमा सहसा देत नाही. हे सगळं बाईला आधी, स्पष्ट आणि तिच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे.

एकदा शस्त्रक्रिया झाली, की ती आमची रुग्ण असते. आता तपासणीला आलेल्या प्रत्येकीला मी स्वतःहून विचारते: आकारात काही बदल वाटतो का? एखादी बाजू कडक लागते का? सूज आहे का? यातलं काहीही असेल, तर बाईनं माफी न मागता ते सांगावं आणि आपण ते आजाराच्या इतर कोणत्याही तक्रारीइतक्याच गांभीर्यानं ऐकावं.