ओढ आणि सोड

आमच्या तेल्हाऱ्याच्या माथ्यावरून रोज विमानं जातात, पण उतरत एकही नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णाकाठचं खारपाण, अन् मधात आम्ही. उन्हाळ्यात गच्चीवर बाज टाकली की लुकलुकते दिवे सरकताना दिसतात. लहानपणी आम्ही ते मोजायचो. आता मोजायचं वय गेलं अन् धास्तीचं वय आलं. त्यातल्या एखाद्या विमानात आपल्या घरचं माणूस असते ना.

माझा मोठा मुलगा केनियात, नैरोबीजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. दोन वर्षांतून एकदा येतो. मुंबईहून विमान निघालं की पाच-सहा तासांच्या वाटेत बहुतेक सगळा समुद्रच. तेवढा वेळ आमची बुढी झोपत नाही. एका खेपेला तिने मला विचारलं, "समुद्रात टावर तं नसते. मंग ते विमान कोनासंग बोलते हो?"

मी दहावी शिकलेला माणूस. कपाशीवरच्या बोंडअळीचं विचारलं असतं तं सांगितलं असतं. मी नातवाकडे बोट दाखवलं.

नातू अकरावीत आहे. तो कॉम्प्युटरवर विमान उडवते. आपण खेळ म्हटलं की त्याला राग येते. "आबाजी, हा गेम नाही, सिम्युलेटर हाय," म्हणते. खऱ्या विमानातली बटणं, घड्याळं, नकाशे सगळं त्यात तसंच. त्यानं आजीला समजावून सांगितलं ते मी बाजूला बसून ऐकलं, अन् नंतर त्याच्या मागे लागून नीट विचारून घेतलं.

जमिनीवरून विमानाशी बोलायचा नेहमीचा रेडिओ सरळ रेषेत जातो. विमान ३५,००० फुटांवर असलं तं साधारण पावणेचारशे किलोमीटरपर्यंत आवाज पोचते. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आडवी येते. समुद्रावर मग दुसऱ्या जातीचा रेडिओ वापरतात. त्याच्या लहरी आभाळातल्या थरावर आपटून लांब जाऊन पडतात. लांब पोचतात खऱ्या, पण सोबत कडकड, शिट्ट्या अन् चार जणांचे आवाज. जुन्या काळी रात्री ट्रांझिस्टरवर लांबचं स्टेशन लावून पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

याच्यावर उपाय म्हणून विमानवाल्यांनी लिहून बोलायची सोय काढली. तिला डेटालिंक म्हणतात. तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९७८ साली अमेरिकेत एरिंक नावाच्या कंपनीने एकार्स नावाची यंत्रणा सुरू केली. विमान जागेवरून कधी हललं, जमीन कधी सोडली, कधी टेकलं अन् कधी जागेवर येऊन थांबलं, या चार वेळा ती आपोआप कंपनीला कळवायची. वैमानिकांचा पगार त्या वेळांवर ठरे. म्हणजे आपल्याकडे मजुरांच्या हजेरीचा कागद असते, तसंच झालं हे. हळूहळू त्याच वाटेने हवामान, इंजिनाची तब्येत, वजनाचे आकडे जाऊ लागले. आधी जमिनीवरच्या रेडिओतून, मग उपग्रहातून.

पुढे १९९० च्या दशकात प्रशांत महासागरावर मोठ्या विमानांनी थेट नियंत्रकाशीच अक्षरात बोलणं सुरू केलं. त्याचं नाव लांबलचक आहे, पण चार-पाच अक्षरांत सीपीडीएलसी म्हणतात. मुंबईच्या ताब्यात अरबी समुद्रावरचं मोठं आकाश आहे, तिथेही आता हे चालते. विमान आधी त्या केंद्रात आपलं नाव नोंदवते. मग पडद्यावर हुकूम येते: अमुक उंचीवर चढा. वैमानिकाने उत्तरात निबंध लिहायचा नाही. ठरलेली उत्तरं आहेत. 'विल्को' म्हणजे समजलं, तसंच करतो. 'अनेबल' म्हणजे जमत नाही. 'स्टँडबाय' म्हणजे थांबा, पाहून सांगतो. प्रत्येक निरोपाला नंबर असते, अन् कोणत्या निरोपाचं उत्तर आलं, कोणत्याचं राहिलं, ते दोन्हीकडे दिसते. आणखी एक नियम मला फार आवडला. विमानाला हुकूम देणारं केंद्र एका वेळी एकच. पुढच्या केंद्राने ओळख करून ठेवावी, पण पहिल्याने सोडल्याशिवाय त्याचा हुकूम चालत नाही. एका बैलजोडीवर दोन हाकणारे बसले की काय होते ते आपल्याला माहीतच आहे.

हे ऐकताना मला एकाएकी आमची विहीर आठवली.

१९७२ चा दुष्काळ. मी बारा वर्षांचा होतो. विहिरीचं पाणी आटलं, म्हणून वडिलांनी ती खोल करायला काढली. खाली माझे काका अन् दोन गडी मुरूम खोदत, वरचे गडी कप्पीवरून दोराने टोपलं ओढत. विहिरीत आवाज घुमते. खालून एक शब्द निघते अन् वर त्याचे तीन होतात. एक दिवस भरलेलं टोपलं अर्ध्यात कपारीला अडलं. काका खालून ओरडले, "ओढ!" वर ऐकू आलं, "सोड!" वरच्याने दोर सोडला. टोपलं काकांच्या खांद्यावर आलं. हाड जुळलं, पण तो हात पुढे कधी डोक्याच्या वर गेला नाही. त्यांना फवारणीचा पंप पाठीवर घेता येईना. त्यांच्या वाटणीचं काम पुढे पंधरा वर्षं वडील करत राहिले, अन् मोठा झाल्यावर मी.

दुसऱ्या दिवशी खोदकामावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तोंडाने बोलणंच बंद केलं. वेगळी बारीक दोरी खाली सोडली अन् वरच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घाटी बांधली. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे सोड. वरच्याने काम करायच्या आधी तितकेच हिसके परत द्यायचे. खालच्याला ते हाताला लागले की मगच टोपलं हले. विहीर आणखी दोन परस खोल गेली, पण कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आबाजी, हेच तं डेटालिंक हाय."

आवाजाने घात केल्याच्या गोष्टी विमानांच्या दुनियेतही आहेत. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच भिडली अन् ५८३ माणसं गेली. दोघं जण एकाच वेळी रेडिओवर बोलले, त्याची शिट्टी झाली, अन् 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' हे नेमकं त्या शिट्टीत बुडालं. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ सौदीचं अन् कझाकस्तानचं विमान हवेत धडकलं. ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, सौदीचं १४,००० वर होतं. कझाक विमान सांगितल्यापेक्षा खाली आलं. इंग्रजीची अडचण हेही एक कारण चौकशीत पुढे आलं.

म्हणजे लिहून बोलले असते तं वाचले असते काय? मी हे विचारलं. नातू खोटं बोलत नाही. म्हणाला, "नाही आबाजी. विमानतळाजवळ आजही तोंडीच बोलतात. तिथं सेकंदाचं काम असते, टाईप करायले वेळ कुठं?" अक्षर शांत वाटेसाठी, आवाज घाईसाठी. दोन्ही लागतात.

सिम्युलेटरवर हे सगळं हौशी लोकांनी फुकटात उभं केलं आहे. व्हॅटसिम नावाच्या जाळ्यावर जगभरची माणसं बसतात. कोणी वैमानिक होते, कोणी नियंत्रक. पैसा कोणालाच नाही. त्यांचे लेखी निरोप पोचवायला हॉपी नावाने ओळखली जाणारी एक व्यवस्था आहे. निघायच्या आधीची परवानगीसुद्धा तिच्यावरून अक्षरात येते. पोट्टे नियम किती काटेकोर पाळतात ते पाहून मला नवल वाटलं. खोटं विमान, पण शिस्त खरी.

एका रात्री नातवाने मुद्दाम मुंबई ते नैरोबी विमान काढलं अन् आजीला बाजूला बसवलं. अंधारा पडदा, खाली समुद्र. मुंबईचं नियंत्रण त्या रात्री कोणीतरी चालवत होतं. नातवाने ३४,००० वरून ३६,००० फुटांवर जायची परवानगी मागितली. आधी 'स्टँडबाय' आलं. मग 'अनेबल', वर दुसरं विमान आहे म्हणून.

"नाही म्हनलं काय त्यानं?" बुढीने विचारलं.

"हो आजी. वरती कोनी हाय."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. म्हंजे पाहून राह्यलं हाय कोनीतरी."

त्या खेपेला मुलगा परत गेला तेव्हा ती पहाटे दोन-तीन तास झोपली. मला तेवढं पुरे होतं.

मी मात्र अक्षरावर पुरता भाळलो. आमच्या नदीकाठच्या शेतात मोटारीच्या पाळीवरून दर हंगामात भांडण होते. 'तू म्हणला होता', 'मी नाही म्हणलो'. मी तिघा भावांच्या मोबाइलवर पाळी लिहून पाठवायला सुरुवात केली. उत्तर फक्त 'हो', 'नाही' किंवा 'थांब'. या रब्बीत हरभऱ्याच्या ओलिताला एकदाही आवाज चढला नाही.

बुढीला पण एक गोष्ट पटली नाही, अन् तिचंही खरं आहे. नातूच सांगतो, रेडिओवर एकाशी बोललेलं आजूबाजूच्या सगळ्या विमानांना ऐकू जाते. पुढच्याला वादळ लागलं की मागच्याला आपोआप कळते. अक्षरात ते होत नाही, निरोप दोघांतच राहते. बुढीचं म्हणणं त्याहून साधं आहे. मुलगा 'पोचलो' लिहून पाठवते ते ती वाचून घेते, पण फोन लावायला लावतेच. "लिव्हल्यावर त्याचा खोकला नाही समजत," म्हणते.

मागच्या महिन्यात असंच फोनवर तिने आवाजावरून ताप ओळखला. मुलगा नाही नाही म्हणत होता. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तं मलेरिया निघाला. आता तो बरा आहे. पुढच्या दिवाळीत येणार आहे, अन् नातवाने त्याच्या विमानाचा मार्ग आतापासूनच काढून ठेवला आहे.