बर्गेनचा पाऊस

ज्याचें सारें आयुष्य वारंगा फाट्याच्या परिसरांत, म्हणजे नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता व नागपूरकडे जाणारा रस्ता जेथें एकमेकांस भेटतात त्या टापूंत गेलें, त्यानें समुद्रपर्यटनावर लेख लिहावा हें वाचकांस थोडें विलक्षण वाटेल. परंतु गेल्या वर्षीं आषाढांत तसा योग आला खरा. चिरंजीव जर्मनींत हँबुर्ग येथें नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथें गेलों, आणि मुलगा व सूनबाई यांसह नॉर्वेचा किनारा पाहण्यास बोटीनें निघालों.

या किनाऱ्यावर डोंगरांमधून समुद्राचे चिंचोळे फांटे दूरवर आंत शिरले आहेत. त्यांस तिकडे ‘फ्योर्ड’ म्हणतात. हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड नद्यांनीं डोंगर कोरून खोल दऱ्या पाडल्या, आणि पुढें बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र आला. सोग्ने फ्योर्ड तर २०० किलोमीटरांहून लांब असून कांहीं ठिकाणीं १,३०० मीटर खोल आहे.

तीन दिवस आकाश निरभ्र होतें. चौथ्या दिवशीं बोट बर्गेन बंदरास लागली आणि पाऊस सुरू झाला. आपल्या वळिवासारखा तो गर्जना करीत येत नाहीं. बारीक, संथ, आणि थांबण्याची मुळींच घाई नसलेला असा तो पाऊस. १९१८ सालापासून फ्लोयेन डोंगरावर दोराच्या साहाय्यानें गाडी जाते; तींत बसून वरून शहर पाहावें, असा आमचा बेत होता. पण ३२० मीटर उंचीचें तें ठिकाणच ढगांत नाहींसें झालें होतें. “नाना, आजचा दिवस फुकट गेला,” मुलगा खिन्नपणें म्हणाला.

बर्गेन येथें वर्षाकांठीं २,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अटलांटिक महासागरावरून येणारे ओलसर वारे डोंगरांस अडतात, वर चढतां चढतां थंड होतात आणि बरसतात. आपला सह्याद्रिही अरबी समुद्राचे वारे असेच अडवितो. म्हणून महाबळेश्वरीं बर्गेनच्या दुपटीहून अधिक पाऊस, आणि सह्याद्रीच्या पाठीशीं पडलेल्या आमच्या मराठवाड्यास उरलासुरला प्रसाद! मृग कोरडा गेला कीं आमच्याकडे घरांतील माणसांचें बोलणें कमी होतें. तेथें मुलें डबक्यांत उड्या मारीत चाललीं होतीं, आणि त्यांच्या आया त्यांस हटकीत नव्हत्या.

शेवटीं आम्ही बंदरावरील ‘ब्रिग्गेन’ या जुन्या लाकडी पेठेच्या आडोशास आलों. १३६० सालाच्या सुमारास हान्सा नांवाच्या जर्मन व्यापारी संघानें येथें वखार स्थापिली. उत्तरेकडील वाळविलेले मासे येथून बाहेर जात आणि त्यांच्या बदल्यांत धान्य येई. घरें लाकडाचीं, म्हणून त्यांत विस्तव पेटविण्यास बंदी असे. स्वयंपाक व शेकोटी मागील निराळ्या इमारतींत. नोकरीसाठीं जर्मनींतून आलेल्या तरुणांस तेथें असेपर्यंत विवाहाचीही मनाई होती. मुलानें ही माहिती सांगितली तेव्हां सौभाग्यवती एवढेंच म्हणाली, “अहो, त्यांच्या आयांना हें ठाऊक असेल का हो?” त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं.

१७०२ सालीं ही पेठ आगींत जळाली. लोकांनीं ती जुन्याच घाटाची पुन्हां उभारली. १७५४ सालीं जर्मनांची वखार बंद झाली व नॉर्वेचे व्यापारी आले. १९५५ सालीं पुन्हां आग लागून बराच भाग गेला. तरी उरलेल्या रांगा उभ्या आहेत, आणि १९७९ सालीं त्यांची जागतिक वारशांत गणना झाली. आम्ही उभे होतों तेथेंच एक सुतार कुजलेली फळी काढून नवी बसवीत होता.

त्याच्याकडे पाहत असतां मुलगा हळूच म्हणाला, “नाना, शेताचें काय ठरविलें?”

हा प्रश्न तो वर्षभर विचारीत होता आणि मी टाळीत होतों. फाट्याजवळ वडिलोपार्जित शेतांत आमचा चार एकरांचा वाटा आहे. पुतण्या तें सारें शेत कसतो. हळद व सोयाबीन काढतो. रस्ते मोठे झाल्यापासून जमिनीस गिऱ्हाइकें येऊं लागलीं आहेत. मुलगा एक दिवस परत येईल, या आशेनें मी कांहींच ठरवीत नव्हतों. आतां उत्तर देणें प्राप्त होतें. मनांत आलें कीं, ही पेठ ज्यांनीं वसविली त्यांच्या वंशजांकडे ती राहिली नाहीं. जो फळी बदलतो त्याच्यामुळें ती टिकली.

मीं म्हटलें, “विकावयाचें नाहीं. दादाच्या नांवावर करूं.”

“मलाही तेंच सांगावयाचें होतें,” तो म्हणाला, “पण मी परत येत नाहीं असा तुम्ही अर्थ घ्याल, म्हणून धीर होत नव्हता.” अर्थ मीं तोच घेतला, परंतु वाटला होता तेवढा तो जड गेला नाहीं. सौभाग्यवतीनें बजावलें, “शेतावरची खोली मात्र आपल्यासाठीं ठेवा म्हणावें. हा आला कीं उतरेल कोठें?”

श्रावणांत आम्ही परतलों आणि बक्षीसपत्राची नोंद झाली. त्या दिवशीं फाट्यावर गरम खिचडी खातांना पुतण्यानें विचारलें, “काका, तिकडे पाऊस आहे का?”

“भरपूर आहे,” मीं सांगितलें, “पण त्याची वाट पाहणारें कोणी दिसलें नाहीं.”