मातीचे मुके साक्षीदार

वडिलार्जित बागेची वाटणी निघाली की क्षेत्र किती, झाडे किती, पाण्याची पाळी कोणाची, याचा खल होतो. परंतु मातीत जीव किती, असे कोणी विचारीत नाही. आमच्या मते बागेचे खरे मोल तेथेच आहे.

चार्ल्स डार्विन याने १८४२ साली एका कुरणावर खडूचे तुकडे पसरविले. १८७१ साली तेथे चर खणला, तेव्हा ते सात इंच खाली सापडले. गांडुळांनी २९ वर्षे खालची माती वर आणून टाकली होती. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षास १० टनांहून अधिक माती त्यांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्याने १८८१ च्या ग्रंथात मांडला.

प्रयोगशाळा मूठभर मातीतील नत्र, स्फुरद व पालाश सांगते. गांडुळे, वाणी, गोमी मात्र तेथेच नांदतात आणि ओल, पाचोळा, विष सारे अंगावर सोसतात. म्हणून त्यांची साक्ष मोलाची.

आमच्या कोकणातील पोफळींचेच पाहावे. कोळेरोगावर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातील मोरचुदाचे तांबे मातीत उतरते आणि वर्षानुवर्षे साचत राहते. ते फार झाले की गांडुळे घटतात. फवारणी सोडावी, असे आम्ही म्हणत नाही. सुपारी गळाली तर एवढे कुटुंब चालावे कसे? परंतु शेंडा राखताना मुळाशी काय होत आहे, तेही पाहिले पाहिजे.

परीक्षा सोपी आहे. माती ओली असताना फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा खणावा आणि माती गोणपाटावर पसरून जीव मोजावे. अमेरिकेच्या शेतकी खात्याची मार्गदर्शिका चौरस फुटास सुमारे १० गांडुळे चांगली मानते. आपली माती व हवा निराळी. यास्तव शेजारच्या राईतील मातीशी तुलना करावी आणि दरवर्षी त्याच महिन्यात मोजावे.

आमच्या घरी वडीलधाऱ्या मंडळींस आळ्यांतील पातेरा झाडून जाळण्यात टापटीप वाटते. त्यांचा मान राखूनही आम्हांस म्हणावेसे वाटते की, तो पातेरा या जीवांचे अन्न आणि पांघरूण आहे. तो राहू द्यावा. घरातले सोने मोडून खाल्ले तर ते सर्वांस कळते. माती मोडून खाल्ली तर ते प्रथम गांडुळांसच कळते.