फोनची पाठ

वस्तूला पाठ असते आणि ती उघडता येते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. अण्णांच्या रेडिओला मागं भोकाभोकांचा पुठ्ठा होता, चार स्क्रूंवर बसवलेला. बातम्या घरघरायला लागल्या की अण्णा तो पुठ्ठा काढायचे, आत फुंकर मारायचे आणि परत लावायचे. रेडिओ फुंकरीनं सुधारायचा की आपला आपण, ते देवाला ठाऊक. घड्याळाची पाठ नखानं निघायची, हातातल्या बॅटरीचं बूड फिरवून निघायचं. नोकियाचा ११०० बाजारात आला २००३ ला, आमच्या वस्तीवर यायला आणखी दोनेक वर्षं लागली. त्याची पाठ आई अंगठ्यानं सरकवायची. एकदा तो पाटात पडला. पाठ काढली, बॅटरी काढली, दिवसभर पत्र्यावर वाळत घातला आणि दिवेलागणीला त्यावरनं मामाला फोन लावला.

आत्ताच्या फोनला पाठ आहे, पण कुठं फट म्हणून नाही. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

तो फुटला गोठ्यात. आई धार काढत होती, कमरेची पिशवी सुटली, फोन खाली पडला आणि गाईनं त्यावर पाय दिला. खाली शेण आणि ओली माती, काच त्यात रुतली म्हणून वाचली. पाठ मात्र कॅमेऱ्यापासून खालपर्यंत तडकली. एका कोपऱ्याचं ढलपं उडालं आणि आतली काळी बॅटरी दिसायला लागली. आईनं त्यावर चिकटपट्टी मारली, वरनं रबर लावलं आणि पंधरा दिवस तसाच वापरला. मी सुट्टीला आलो तेव्हा तिच्या तळहातावर बारीक चिरा दिसल्या. म्हटलं, उसाच्या पाचटानं कापलं असेल. तर म्हणे, "न्हाई रं, फोननं."

तालुक्याच्या गावाला दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, तीन दिवस ठेवून जा, लॉक सांगून जा, आतलं काही गेलं तर आमची जबाबदारी नाही. आईनं त्याच्या हातातनं फोन परत घेतला आणि पिशवीत टाकला.

यात तिचा हट्ट नव्हता. आमची विहिरीवरची मोटार मोबाईल स्टार्टरवर चालते. डब्यात एक सिम असतं. त्यात जो नंबर भरलाय त्या नंबरावरनं फोन गेला तरच मोटार चालू होते, आणि तिथं नंबर आईचा आहे. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-एकला उठायचं आणि दोन्हीकडनं ऊस असलेल्या बांधानं विहिरीपर्यंत जायचं. हे आमच्या मांडवगणात पिढीभर सगळ्यांनी केलं, तेव्हा भीती सापाची होती. आता बिबट्या आहे. भीमा-घोडच्या काठाला ऊस वाढला, त्याला लपायला बारमाही जागा झाली आणि बिबट्याची मादी आता उसातच वितेय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं. पिंपरखेड तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. पण टोक कागदावर, ऊस सगळीकडं सारखाच. तेव्हापासून आई अंधार पडल्यावर अंगणाच्या पुढं जात नाही. अंथरुणात बसून फोन लावते आणि मोटार चालू करते.

"तीन दिवस फोन त्याच्याकडं, मग मोटार कोण चालू करणार? तू येणार रांजणगावावरनं रात्री बाराला?"

सिम दुसऱ्या फोनात घालू म्हटलं, तर घरातला दुसरा फोन म्हणजे तो जुना नोकिया. आईचं सिम फोर-जीचं. जुन्या फोनात ते मुकं. नवा फोन घेऊन देतो म्हणालो, तर तिनं विषयच बदलला. हा फोन शिकायला तिला वर्ष गेलं होतं. पिकाची नोंद तलाठ्याकडं न जाता शेतात उभं राहून फोटो काढून करायची, ही ई-पीक पाहणी २०२१ ला आली, ती ती नातीकडनं शिकली. कुठलं चित्र कुठल्या जागी आहे हे तिच्या बोटाला पाठ झालंय. नवा फोन म्हणजे परत पहिली.

मग घरीच करायचं ठरलं. पुण्याला कामानं गेलो तेव्हा बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूच्या दुकानांतनं पाठ मिळाली, अडीचशे रुपयांना. बारीक पेचकसांचा संच वेगळा. दुकानातल्या पोरानं दोन गोष्टी बजावल्या. एक, नव्या पाठीला बोटाचा ठसा घेणारं बटण नाही, जुन्या पाठीवरचं काढून लावावं लागेल. आणि त्याची पट्टी आत बोर्डाला जोडलेली असते, पाठ एकदम ओढली की तुटलीच समजा. दोन, बॅटरीला टोकदार काही लावायचं नाही. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर आतल्या आत तापते आणि पेट घेते, तेव्हा चार्जिंग पाव भागाच्या खाली उतरवून मगच उघडायची. मला हे नवीन नव्हतं, कंपनीत आम्ही असल्या सूचना भिंतीवर रोज वाचतो. पण आईनं विचारलं, "म्हंजी स्टोव्हसारखंच की." स्टोव्हचा भडका तिनं बघितलेला.

रविवारी दुपारी ओसरीत गोधडी अंथरली. गोधडी का, तर स्क्रू घरंगळत नाहीत. लेक उजेड धरायला बसली. फोन बंद केला. सिमचा ट्रे आधी बाहेर काढला, तो आत राहिला तर पाठ अडकते. तळाला चार्जिंगच्या तोंडाशी दोन स्क्रू होते, ज्वारीच्या दाण्याच्याही निम्मे. ते निघाले. आता कडेनं फट करायची. पोलादी पात्यानं केली तर कड सोलते आणि आत काय कापलं जाईल त्याचा नेम नाही. प्लॅस्टिकचं पातं संचात होतं, पण ते जाड. माझी खटपट चालली होती, तेवढ्यात आई उठली आणि फडताळातनं मोठा लिफाफा घेऊन आली. तिच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे. कात्रीनं त्याची बोटभर पट्टी कापली आणि म्हणाली, "सरक."

एक्स-रेची फिल्म पातळ, तरी ताठ. ती फटीत शिरली. आईनं पट्टी डोळ्यांनी नाही, बोटांनी चालवली. एक खाच सुटली की 'टक' आवाज यायचा, ती थांबायची, पुढची चाचपायची. जुनी गोधडी उसवताना ती असंच करते. दोरा तोडत नाही, टाका शोधते. टक, टक, टक. सगळी कड सुटल्यावर मला वाटलं आता उचलेल. तिनं पाठ पुस्तकाच्या पानासारखी जराशीच उघडली आणि लेकीला म्हणाली, "बघ गं, नाळ कुठाय." कालवडीचं बाळंतपण करणारीला दुसरा शब्द कुठला सुचणार. पट्टी दिसली. तिच्यावरच्या झाकणाचे दोन स्क्रू मी काढले आणि जोड नखानं वर उचलला. हे स्क्रू आईनं गोधडीच्या वेगळ्या ठिगळावर ठेवले. बरं केलं. आतले स्क्रू सारख्या मापाचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की खालच्या बोर्डात घुसतो.

ठशाचं बटण जुन्या पाठीला गोंदानं चिकटलेलं. ते ऊब देऊन सोडवायचं. केस वाळवायचं यंत्र आमच्याकडं कुठलं? आईनं तव्यावर फडकं गरम केलं, हाताच्या पाठीवर चटका बघितला आणि शेक दिला, मुरगळलेल्या पायाला देतात तसा. तिसऱ्या शेकाला बटण सुटलं. कॅमेऱ्यावरची काच तशीच काढली. ती मात्र नव्या पाठीत बसवताना एका बाजूला बारीक धूळ राहिली, अजून आहे.

गंमत या बटणाची. इतका जपून हलवला तो ठसा आईचा नव्हताच. तिचं बोट त्या बटणानं कधी ओळखलंच नाही. खुरपं, विळा, ऊस, शेण, राख यांत चाळीस वर्षं गेली आणि रेघा झिजल्या. रेशनच्या मशीनवरसुद्धा तिचा अंगठा तीन-तीनदा पुसून लावावा लागतो. फोनात ठसा आहे नातीचा. आई रेघा ओढून लॉक उघडते. मी म्हणालो होतो, बटण नाही लावलं तरी चालेल, भोक बुजवू. तर म्हणाली, "हाय ते हाय त्या जागी असू दे."

२०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती लोकांपुढं ठेवावी म्हणून. युरोपात त्यापुढं जाऊन २०२३ ला कायदाच झाला. फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. म्हणजे फिरून नोकियाच्या अंगठ्यावरच येणार सगळे. चांगलंच आहे. पण फोनवाल्यांनी ही फट बुजवली कशासाठी, याचं उत्तर मला पातळपणा आणि पाणी एवढ्यानं पटत नाही. उघडता न येणारी वस्तू लवकर जुनी होते, एवढं आम्ही कंपनीतली माणसंही जाणतो. पाण्याचं मात्र खरं आहे. एकदा उघडलेला फोन पहिल्यासारखा घट्ट बसत नाही. म्हणून आईला सांगितलं, धार काढताना आता तो खुंटीला.

नाळ जोडली, स्क्रू आपापल्या ठिगळावरनं परत गेले, खाचा दाबून बसवल्या. फोन चालू केला. चिन्ह आलं, मग देवाचा फोटो, मग नेटवर्कच्या काड्या. लेकीनं मागं बोट टेकवलं, उघडला. पाठीचा रंग जुन्यापेक्षा निळसर. आई दोनदा उलटा-पालटा करून म्हणाली, "दुसऱ्याचा वाटतोय." तळहातानं कड मात्र चाचपून बघितली.

त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. सव्वाबाराला लाईट आली तसा घरातला पंखा जरा जोरात फिरायला लागला. आई अंथरुणात उठून बसली, अंधारात रेघा ओढल्या, नंबर लावला. पलीकडनं बाईच्या आवाजात आलं, मोटार चालू झाली आहे. आईचा त्या बाईवर विश्वास नाही. तिनं खिडकीचं एक दार उघडलं, उसाकडं कान दिला आणि विहिरीवरनं मोटारीची घरघर यायला लागली तेव्हाच फोन उशाखाली ठेवला.