बाकी पस्तीस

नानांचे डोळे काचबिंदूने गेले, तेव्हा घरात खरा प्रश्न उभा राहिला तो दुपारचा. सकाळ रेडिओवर निघते, संध्याकाळ शेजाऱ्यांवर. पण जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासलेल्या माणसाने दुपारी करायचे काय? "मी आता अडगळीतला," असे ते एकदा सहज बोलून गेले. त्यावर आमच्या हिने मटाराच्या शेंगा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या निमूटपणे सोलल्या, आणि दाणे किती निघाले तेही सांगितले!

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑयलरची गोष्ट सांगितली. सेंट पीटर्सबर्गचा हा गणिती १७७१ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ आंधळाच झाला. आणि १७७२ साली त्याने बर्नुलीला कळवले, की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे. एकाची एकतीस वेळा दुप्पट करायची आणि आलेल्या संख्येतून एक काढायचा, की ही दहा आकडी बया हजर! एक आणि ती स्वतः सोडल्यास हिला कशानेही निःशेष भाग जात नाही.

"सगळ्या संख्यांनी भागून पाहिले की काय त्याने?" नानांचा आवाज पुष्कळ दिवसांनी तपासनिसाचा झाला होता.

सगळ्यांनी नव्हे. दोन अवयव असतील तर त्यांतला एक ४६३४१ च्या आत असणारच. त्यापुढे जायला नको. शिवाय ऑयलरने दाखवले, की हिचा भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. त्यामुळे हजारो भागाकारांचे काही शेच उरले.

"त्यांतलेही तीनाने, पाचाने जाणारे गाळ," नाना म्हणाले. मी पदवीधर, पण मला काही हे सुचले नव्हते.

६३ गळाला, २४९ गळाला. पहिला खरा उमेदवार ३११. मी वही घेतली. नाना डोळे मिटून (सवय, दुसरे काय!) भागत गेले. "एकोणसत्तर लाख पाच हजार ब्याण्णव. बाकी पस्तीस." माझ्या वहीत चौतीस होती. चूक अर्थात माझी निघाली.

१८११ साली पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणित्याने लिहून ठेवले, की या संख्येवरून मिळणाऱ्या 'पूर्ण' संख्येपलीकडे कोणी जाणार नाही. असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. १८७६ साली ल्युका ३९ आकडी मूळ संख्येपर्यंत पोहोचला!

"त्या बार्लोसाहेबांना मटार सोलायला बसवा," नाना म्हणाले. आमची ही आतून हसली.

दुसऱ्या दिवशी पान वाढण्यापूर्वीच हाक आली, "वही कुठे आहे रे?" मधले सगळे त्यांनी रात्रीच गाळून ठेवले होते. १३०३ ने भागले. बाकी २२६.

"पुढचा," नाना म्हणाले.