कोंढव्यातली एकट्याची थाळी

ईद-ए-मिलादच्या दिवशी पुण्यात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरतात. आमचा धाकटा मित्रांबरोबर अशाच एका शिबिरात गेला आणि रक्त न देताच परत आला. रक्तदाब 150 वर 100 निघाला होता. वय 26. ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली नाही. बहिणीला सांगितली, आणि तिच्या तोंडून ती फोनवर निसटली. चौथ्या दिवशी आम्ही महाडहून निघालो. आम्ही म्हणजे त्याचे अब्बा आणि अम्मी. लेखणी एकाच्या हातात असली तरी सांगणे दोघांचे आहे.

पावसाळ्यात वरंध घाटाचा भरवसा नसतो, म्हणून माणगाव गाठून ताम्हिणीमार्गे स्वारगेटला जाणारी एसटी धरली. घाटात धबधबे अजून जोरात होते. मुळशीचे पाणी काठोकाठ भरले होते आणि गाडीतली पोरे खिडकीला नाक लावून बसली होती. आमचे लक्ष मात्र पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे. तिच्यात खारवलेला बांगडा, आंब्याच्या लोणच्याची बरणी, पोह्याचे पापड, नाचणीचे पीठ आणि कुळीथ. पोर एकटे राहते, नीट खात नसेल, तेव्हा घरचे काहीतरी न्यावे, एवढाच हिशेब.

स्वारगेटहून रिक्षा केली. लुल्लानगर मागे पडले आणि कोंढवा सुरू झाला. कौसरबागेच्या बाजूला मगरिबनंतर जी रौनक असते ती पाहण्यासारखी. शिगांवर कबाब, उभ्या सळईवर फिरणारा शोरमा, किलोवर विकली जाणारी बिर्याणी, चौघांनी एका थाळात खायची मंदी. कोकणातली, मराठवाड्यातली, खानदेशातली, पार बिहारातली पोरे इथे खोल्या करून राहतात. कुणी शिकतो, कुणी नोकरी करतो. त्या गर्दीतून पाठीवर चौकोनी पिशव्या लावलेले डिलिव्हरीवाले सारखे वाट काढत असतात. ही पार्सले कुठे जातात, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

पोराची खोली चौथ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर. खोली स्वच्छ होती, हे कबूल केले पाहिजे. पण ओट्यावर शेगडी होती आणि तिच्या खाली सिलिंडर नव्हते. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि अर्धे लिंबू. खणात चटणी-सॉसच्या पुड्या आणि प्लॅस्टिकचे चमचे गच्च भरलेले. आम्ही वर्षापूर्वी दिलेली स्टीलची ताटे कागदात गुंडाळलेली तशीच. ती सोडलीच नव्हती. खातो कशात, म्हणून विचारले तर म्हणाला, "अम्मी, डब्यातच खातो. मग धुवायचे काय?"

त्याची नोकरी खराडीच्या एका कंपनीत, कामाची वेळ अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे. संध्याकाळी पाचला निघायचे, पहाटे चारला परतायचे, दुपारी बारापर्यंत झोपायचे. उठल्यावर चहा-बिस्किटे, नाहीतर नूडल्सचे पाकीट. कंपनीच्या कँटीनमध्ये रात्री दहाला वरण-भात, भाजी, पोळी मिळते. पण गोश्त हलाल आहे की नाही याची खात्री नाही, आणि नुसती भाजी-पोळी त्याला नको. म्हणून तिथे कॉफी आणि वेफर्स. पहाटे घरी आला की भूक खवळलेली, तेव्हा हाफ बिर्याणी मागवायची. एकट्याच्या जेवणाची रक्कम कमी भरते, त्यावर पोहोचवण्याचे पैसे लागतात. ते वाचावेत म्हणून एक थंड पेय आणि काहीतरी गोडही मागवायचे. भिंतीला मोबाईल टेकवून, तो पाहत खायचे आणि तसेच आडवे व्हायचे. एका वर्षात वजन 11 किलोंनी वाढले होते.

आम्हाला वाटत होते, पोर उपाशी राहत असेल. ते उपाशी नव्हते.

राग आला. पण त्याचे उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. स्वयंपाक त्याला येतो. घरी बकरीदला खिमा तोच करतो. म्हणाला, सुरुवातीचे दोन महिने गॅस होता, रोज करत होतो. मेथीची जुडी आणली तर एकट्याला संपत नाही, अर्धी सडते. वरण केले तर तेच दोन दिवस. चार वाजता थकून यायचे, एकट्यासाठी कांदा चिरायचा, एकट्याने खायचे, एकट्याने भांडी घासायची. "अब्बा, कुणी समोर नसले की जेवणाची वेळच होत नाही."

अब्बांना त्यांचे दिवस आठवले. 1984 साली ते मुंबईला गोदीत कामाला लागले तेव्हा गावच्या जमातीच्या खोलीत राहत. एका खोलीत वीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. त्या खोल्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ढेकूण होते, एकाला खोकला झाला की साऱ्यांना होई, आणि निवांतपणा कशाशी खातात ते ठाऊक नव्हते. पण रात्री दस्तरखान एकच पडे. सालन पातळ असे, भात मोजका असे, आणि एखादा जेवायला आला नाही तर लगेच विचारणा होई की हा कुठे गेला, बरा आहे ना. आमच्या पोराने तीन दिवस काही खाल्ले नसते तरी त्या इमारतीत कुणाला कळले नसते.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेले. बाईंनी पाच मिनिटे शांत बसवून थोड्या थोड्या अंतराने तीनदा रक्तदाब मोजला. 146 वर 94. एका दिवसाच्या मोजण्यावरून ठरवत नाहीत, म्हणाल्या. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणा. मग मिठाचा हिशेब मांडला. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, इतकेच मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नूडल्सच्या एका पाकिटातच साधारण दोन ग्रॅम जाते. त्यावर वेफर्स, सॉसच्या पुड्या, बाहेरची बिर्याणी. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्ताचा दाब चढतो. 300 मिलिलिटर थंड पेयात सहा-सात चमचे साखर. शिवाय रात्रीच्या झोपेत रक्तदाब जरा उतरतो, शरीराला तेवढी उसंत मिळते. याची झोपच उलटीपालटी आणि पोट भरलेले.

अम्मीने भाबडेपणाने सांगितले, "आम्ही घरचे आणले आहे, आता तेच खाईल." काय काय आणले ते बाईंनी विचारले. बांगडा, लोणचे, पापड ही नावे ऐकून त्या हसल्या. पिशवीतल्या पाच वस्तूंपैकी तीन निव्वळ मीठच होत्या! नाचणी आणि कुळीथ तेवढे पास झाले.

वाट सापडली ती पोराच्याच बोलण्यातून. तो म्हणाला, रमजानमध्ये वजन चार किलो उतरले होते. कंपनीतून सुट्टी होती का? नाही. पण त्या महिन्यात सुपरवायझरने दिवसाची पाळी दिली होती. इफ्तार मशिदीत, आणि सहेरीला खालच्या मजल्यावरची लातूरकडची तीन पोरे दार ठोठावून त्याला उठवत. त्यांच्याबरोबर भाकरी, दही, अंडी खायची. ईद झाली, पाळी बदलली, दार ठोठावणे थांबले.

आम्ही त्या तिघांकडे गेलो. आझम कॅम्पसमध्ये फार्मसी शिकतात. त्यांच्याकडे एक खाला रोज येऊन दोन वेळचे करून जातात. चौथा माणूस आला तर खर्च कमीच होईल, म्हणून पोरे खूश झाली. दुपारी अडीचला ती कॉलेजातून येतात. आमच्याने तेव्हा त्यांच्याबरोबर बसायचे, आणि रात्रीसाठी तिथलाच डबा भरून न्यायचा, म्हणजे हलालचा प्रश्नही राहिला नाही. पहाटे आल्यावर भूक लागलीच तर फळ किंवा दूध. खालांनी एकच अट घातली: न जेवणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचे, अन्न फुकट जाता कामा नये. मीठ कमी घालायला सांगितले तेव्हा त्यांनी तोंड वाकडे केले, पण मानले.

परतण्याआधी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन एक मोठा थाळ घेतला, चौघांना पुरेल असा. बांगडा आणि लोणचे आम्ही परत महाडला आणले. पापड मात्र पोरांनी लपवून ठेवले, हे नंतर कळले.

यात सारे जमले असे नाही. शनिवारी-रविवारी ती पोरे गावी जातात, तेव्हा हाफ बिर्याणी येतेच. नोव्हेंबरात बाईंनी पुन्हा मोजले, 136 वर 88 निघाला. वजन साडेतीन किलोंनी कमी. गोळी अजून सुरू केलेली नाही. पुढची तपासणी जानेवारीत आहे, आणि पाळी बदलून मिळावी म्हणून त्याने कंपनीत अर्ज दिला आहे.